लेकाचा देश, लेकीचा देश

‘मला माझा ब्लाउज घालता येत नाही, असं मी परक्या माणसाला सांगू?’ पद्माबाईंनी कणकेचा गोळा परातीत आपटला. ‘त्यापेक्षा वाट्टेल तिथे पाठव मला.’

‘वाट्टेल तिथे पाठवता येत नाही ना, आई. तीच तर बोंब आहे,’ विशाल म्हणाला.

ही बोंब तीन महिने चालली होती. कॅनडातल्या वॉटर्लूची नोकरी गेली आणि विशालचं वर्क परमिट मार्चअखेर संपणार होतं. ॲडलेडला नवी नोकरी लागली, बायको जाई पुढे जाऊन घर लावून बसली. राहिली आई. ऑस्ट्रेलियात आईबापांच्या व्हिसाची रांग म्हणे तीस वर्षांची.

‘मी आता बहात्तरची,’ पद्माबाई म्हणाल्या होत्या. ‘माझा नंबर लागल्यावर विमानतळावर घ्यायला कोण येईल, तू की तुझी नातवंडं?’

दुसरी वाट ब्रिटनची. लेक प्रीती लेस्टरला नर्स होती, तिथली नागरिक झाली होती. ती आईला बोलावू शकत होती. पण वकिलानं अट सांगितली. आईला स्वतःचं काही जमत नाही आणि मायदेशी बघायला कुणी नाही, असं दाखवायला हवं. मायदेशी कुणी नव्हतं, हे खरंच होतं. नवरा गेल्यापासून, चार वर्षं, नागपूरच्या फ्लॅटला कुलूप होतं. अडत होतं ते पहिल्या अटीपाशी.

‘धडधाकट आई नको, मोडकी चालते. कसले देश हे बाप्पा!’ पद्माबाईंनी सुनावलं होतं.

मोडकी म्हणवून घेणं पद्माबाईंच्या रक्तात नव्हतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण लग्नानंतर रेल्वेत असलेल्या नवऱ्यानं, गुणवंतरावांनी, त्यांना पेपर वाचायला बसवलं होतं, रोज एक पान. एप्रिलमधल्या जयंतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक त्या एकट्या उरकायच्या. कुणी अडाणी म्हटलं की त्याचं पुन्हा तोंड बघत नसत.

शिवाय हा कॅनडा त्यांच्या डोक्यात गेला होता. सहा महिने बर्फ, आणि इमारतीतली सगळी दारं एका साच्यातली. परवा त्या भलत्याच मजल्यावर उतरल्या, किल्ली लागेना, तेव्हा कुलूप बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. काल वरण खारट झालं.

‘इथलं मीठच मेलं जास्त खारट,’ त्यांनी ठणकावलं होतं.

विशाल हसला होता. इंटरव्ह्यू, पॅकिंग, गाडी विकणं, त्यात वरणाकडे कोण बघतो?

आईची स्मृती गेल्याचा दाखला घ्यायला आज दुपारी डॉक्टरची अपॉइंटमेंट होती. तो पुन्हा ओट्याशी आला.

‘सोपं आहे, आई. महिना विचारला तर चुकीचा सांग. घड्याळ काढायला सांगितलं तर वाकडंतिकडं काढ.’

‘काहून? तुझ्या बाबांनी शिकवलं ते पाण्यात घालू? विचारतील त्याचं बरोबर उत्तर देणार मी. खोटं बोलून लेकीच्या दारात जायची नाही.’

‘मग नागपूरला एकटी राहशील?’

पद्माबाई कणीक मळत राहिल्या. विशालनं फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

‘आई,’ पलीकडून प्रीतीचा आवाज भरून आला, ‘एक दिवस खाली मान घाल ना गं. माझ्यासाठी. तिथे रात्रीबेरात्री पडलीस तर दार कोण उघडेल?’

‘रडू नको. नर्स ना तू?’ पद्माबाई म्हणाल्या. मग पुन्हा कणकेत हात घालत, ‘बघते.’

क्लिनिकमधली डॉक्टरीण दिल्लीकडची, हिंदी बोलणारी. विशाल कोपऱ्यातल्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसला. पद्माबाईंनी पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली.

‘माँजी, कौन सा महीना चल रहा है?’

खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बर्फाखाली गाडल्या गेल्या होत्या.

‘एप्रिल,’ पद्माबाई ठामपणे म्हणाल्या. ‘जयंती का महीना.’

‘और ये शहर?’

‘नागपूर. और कौन सा?’

डॉक्टरणीनं कागद पुढे केला. पद्माबाईंनी भाकरीसारखा गोल काढला आणि बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले.

‘आपके साथ कौन आए हैं?’

पद्माबाईंनी विशालकडे पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढून घेत हलकेच म्हणाल्या, ‘हमारे साहब हैं. रेल्वे में हैं.’

डॉक्टरणीनं बराच वेळ लिहिलं. जाताना विशालच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, ‘आय ॲम सो सॉरी.’ विशालनं मोठ्या कष्टानं चेहरा पाडून ठेवला.

गाडीत बसल्यावर मात्र त्याला आवरेना. स्टिअरिंगवर थाप मारून तो हसत सुटला.

‘आई, मानलं तुला! घड्याळ तर असं काढलंस की बस. आणि बाबांना मधे आणलंस, ते तर मी शिकवलंही नव्हतं! काय नाटक केलंस! लेस्टर पक्कं समज.’

पद्माबाईंनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

‘नाटक तुझी बहीण करते रडायचं,’ त्या म्हणाल्या. ‘मी सकाळीच सांगितलं होतं ना, खोटं बोलायची नाही म्हणून? एकूण एक उत्तर बरोबर देऊन आले.’