शिवणाचा खडू

दोन हजार सात साली कपड्यांचा कारखाना बंद पडला आणि बावन्न वर्षांच्या शिवणवाल्या मावशी लेकीच्या हट्टापायी कॉम्प्युटरच्या क्लासला बसल्या. परीक्षेत वेबपेज चाललं तरच नोकरी होती. परीक्षेच्या दिवशी पडद्यावर 'नमस्कार' उमटला तेव्हा सर म्हणाले, "छान. खाली तुमचं काम लिहा." मावशींनी प्रोग्रॅममध्ये 'मी कपडे शिवते' लिहिलं, तीनदा लिहिलं, पानावर नुसता नमस्कारच. "मावशी, पान रुसलंय तुमच्यावर," शेजारी बसलेली मुलगी हसली. घाम पुसायला रुमाल ओढला तसा पर्समधला शिवणाचा खडू मांडीवर पडला. खडूने खुणा केल्या म्हणून सदरा सैल होत नाही, उसवून पुन्हा शिवावा लागतो. पडद्यामागे अजून जुनाच प्रोग्रॅम चालू होता; त्यांनी तो थांबवला, नव्या ओळीसकट कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत पुन्हा बांधला, आणि चालवला. ओळ उमटली. नोकरी मिळाली, आणि मावशी त्याच नोकरीतून निवृत्त झाल्या. हसलेली मुलगी आता तोच क्लास घेते. पान अडलं की विद्यार्थ्याच्या हातावर मावशींनी दिलेला शिवणाचा खडू ठेवते.