कठड्यावरून दिसलेली आई

"आजी, पट्टी कपाळाला नीट बसू द्या. चक्कर आली तर हात वर करा, मी पाळणा थांबवते," गणवेशातली मुलगी म्हणाली.

रेश्मा मोहिते हसल्या. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये, फळ्यांच्या उभ्या भिंतीवर अकरा वर्षं मोटारसायकल फिरवलेल्या बाईला कसली चक्कर? पण कठड्याशी वडिलांच्या कडेवर बसलेला त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इंद्रजित रोज त्यांना बघून किंचाळायचा. पोरानं धसका घेतलाय असं वाटून त्यांनी गाडी सोडली, ती कायमची.

आता इंद्रजित रॅपर होता आणि शहरोशहरी स्वतःचीच जत्रा घेऊन फिरत होता. स्टेडियमभर वीस हजार पाळणे, आणि कपाळावरच्या पट्टीतून प्रत्येकाला इंद्रजितची आठवण दिसायची, त्याच्याच डोळ्यांनी.

बीट सुरू झाला. खोल विहिरीतून एक बाई भिंतीवरून गरगरत वर आली. हवेत आडवी, ओढणी फडफडत, दोन्ही हात सोडून. ती चोवीस वर्षांची रेश्मा होती, आणि एवढी मोठी की तिच्याशिवाय जगात दुसरं काही उरलंच नव्हतं. कठड्यापाशी येऊन ती हसली.

वीस हजार गळ्यांतून तीच किंकाळी फुटली. रेश्माबाईंच्याही. या खेपेला ती आतून आली, तेव्हा त्यांना कळलं की तिच्यात भीती नव्हतीच. पोर 'अजून' म्हणत होतं.

हँडल सोडावं तसे त्यांचे दोन्ही हात वर गेले. मुलगी धावत आली. "आजी, थांबवू का?"

"नको गं," रेश्माबाई म्हणाल्या. "एकदा थांबवलं होतं मी."