अण्णांचं हृदय

अण्णांच्या कृत्रिम हृदयाची जुनी संगणक प्रणाली अडकली, तेव्हा शर्वरीने माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पंप बंद करून ती पुन्हा सुरू केली. क्षणभरात सुरू होईल, असे पुस्तिकेत छापले होते. प्रत्यक्षात वीस मिनिटे लागली. आता हृदय व्यवस्थित धडधडत होते, पण अण्णा गेले होते.

ती हृदये बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नेटवरच्या पुस्तिकेतल्या चुका रुग्णांचे नातेवाईकच दुरुस्त करत. शर्वरीने त्या पानावर लिहिले, ‘पंप बंद करू नका. माझे वडील गेले.’

“ताई, आत्ता हे कशाला?” तिचा भाऊ श्रीरंग रडत म्हणाला.

“आत्ता कुणीतरी हेच पान वाचत असेल रे.”

तेवढ्यात त्याच पानावर नांदेडच्या इलियास नावाच्या माणसाचा निरोप आला. ‘माझ्या बायकोची प्रणाली अडकलीय. पंप चालू ठेवूनच ती पुन्हा सुरू केली तर चालेल का?’

शर्वरीला ठाऊक नव्हते. पुस्तिकेतही ते कुठे नव्हते. तिने अण्णांच्या धडधडत्या छातीवर हात ठेवला.

मग तिने लिहिले, ‘जरा थांबा. अण्णांचं हृदय अजून चालू आहे. आधी त्याच्यावर करून बघते.’