ईश्वरसाक्ष

"कारण काय टाकू, ताई?" राधाकृष्णनं कीबोर्डवरची बोटं उचलली.

नगरच्या कोर्टाबाहेर त्याची टायपिंगची टपरी. पंकजानं लॉ कॉलेजचं पत्र पुन्हा उलगडलं. प्रवेश समितीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. बी.ए.ला सेहेचाळीस टक्के आणि एम.ए.ला एकाहत्तर, ही तफावत कशी, ते प्रतिज्ञापत्रावर कळवावं; आज चारच्या आत. खिडकीतल्या क्लार्कनं तर तोंडावरच विचारलं होतं, "दोन्ही मार्कशीट एकाच बाईच्या आहेत ना?" कारण पटलं तर प्रवेश, नाहीतर जागा दुसऱ्याला.

अडीच वाजून गेले होते.

"आजारपण टाकतो," राधाकृष्ण म्हणाला. "सगळे तेच टाकतात. टायफॉइड बरा दिसतो."

"तिन्ही वर्षं टायफॉइड?"

"मग कावीळ. ती उलटते."

"मी आजारी नव्हते हो."

"मग घरगुती अडचण. त्यात सगळं मावतं."

बाकड्यावर पंकजाच्या सासूबाई, केशरबाई, जप करत बसल्या होत्या. जामखेडहून सोबत म्हणून आल्या होत्या. बोटांतली माळ थांबली.

"कसली अडचन?"

पंकजानं पत्राची घडी घातली. राधाकृष्णनंच सांगितलं, "आजी, यांना बी.ए.ला मार्क कमी का पडले, ते लिहायचंय."

"आमच्या गावचा सप्ता न् हिची परीक्षा एका टायमाला यायची," केशरबाई म्हणाल्या. "सात दिस कीर्तन, सात दिस पंगत. गावभरच्या बाया भाकरीला. ही बी आमच्यात. पेपरला जायची ती कोपरापोतर पीठ घिऊन."

"मग एम.ए.ला एकाहत्तर कसे पडले?"

"करोना हुता न्हवं. दोन साल सप्ताच झाला न्हाई."

राधाकृष्ण हसला, आणि त्याची बोटं भराभर चालायला लागली. "झकास! 'देवाच्या सेवेत असल्याने.' समितीतल्या माणसांच्या घरातही देव्हारा असेलच की. कोण नाही म्हणतंय?"

पंकजाला हायसं वाटलं. खोटं काही नव्हतं त्यात, आणि घरातल्या कुणाकडे बोटही जात नव्हतं.

"वाच बरं पयल्यापासून," केशरबाई म्हणाल्या.

"मी, सौ. पंकजा गोरक्षनाथ राळेभात, वय चौतीस, ईश्वरसाक्ष प्रतिज्ञेवर लिहून देते की, बी.ए.च्या तिन्ही वर्षी परीक्षेच्या काळात मी देवाच्या सेवेत असल्याने..."

"थांब. ईश्वरसाक्ष म्हंजी?"

"म्हणजे देवाला साक्षीदार ठेवून सांगते."

"देवच साक्षीदार, अन् खापर बी त्याच्याच डोक्यावर?" केशरबाईंनी माळ पिशवीत टाकली. "हे काय बरं दिसतं व्हय, राधाकिसना?"

"आत्या, राहू द्या ना," पंकजा हळूच म्हणाली. "चालतंय तेवढं."

"तुला चालतंय. मला सांग, पुस्तक ठिव अन् परात घे, असं देवानं म्हनलं हुतं का? मी म्हनले. बी.ए. व्हून काय कलेक्टर व्हनार हायेस का, हे बी मीच म्हनले. चार बायांत म्हनले. ते घाल रं त्यात."

"आजी, असलं घालत नसतात."

"का? समदे खोटंच घालत्यात का?"

"तसं नाही हो." राधाकृष्णनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "सासूनं शिकू दिलं नाही असं लिहिलं, की समिती काय म्हणेल? तेव्हा अभ्यास करू दिला नाही, मग आता तीन वर्षं रोज कॉलेजला येऊ देतील कशावरून? यात नुकसान ताईंचंच."

केशरबाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. पंकजा पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होती. देवाच्या सेवेत असल्याने. ओळ छान होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी कागद बाहेर आला असता.

"खोडा ती ओळ," पंकजा म्हणाली. "आत्या सांगतायत तसं लिहा."

"बघा हं, ताई."

"बघितलं."

राधाकृष्णनं मान हलवली. "पण मग सासूबाईंचं म्हणणं तुम्ही शपथेवर सांगून भागायचं नाही. त्यांचंही वेगळं जोडावं लागेल."

"कर की मग माझं येगळं," केशरबाई म्हणाल्या, आणि बाकडं सोडून त्याच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

"मी, केशरबाई, वय अडुसष्ट... सुनेच्या शिक्षणात अडथळा निर्माण केला..."

"अडथळा काय? आडवी आले, असं लिव."

त्यानं तसं लिहिलं. "पुढं?"

"पुढं लिव, आता ती रोज जाईल. मी आडवी यायची न्हाई."

नोटरी समोरच लिंबाखाली टेबल टाकून बसत. पुढं रांग होती. नंबर आला तेव्हा सव्वातीन झाले होते. त्यांनी मान वर न करता दोन्ही कागद ओढले, आधार कार्डं पाहिली, रजिस्टर पुढं सरकवलं. "इथं सही. आजी, तुम्ही इथं अंगठा." मग दोन्ही कागदांवर शिक्के. धप, धप.

"झालं. पुढचे कोण?"

पंकजानं कागद फाईलमध्ये घातले आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला. वळून पाहते, तर केशरबाई टेबलापाशीच. पायातल्या चपला त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी, देवापुढं उभं राहावं तशा हात जोडून त्या उभ्या होत्या. मागच्या माणसाला पुढं जायला वाट नव्हती.

"आजी, झालं तुमचं," नोटरी म्हणाले.

"झालं कसं?" केशरबाई म्हणाल्या. "मी अजून बोललेच न्हाई."