नदीचे कैवारी

काकांनी नदी वाचवायचा विडाच उचललाय. महापालिकेत खेटे घालून घालून त्यांनी कॉलनीमागून नदीत जाणारा नाला बंद करवला, तरी यंदाच्या उन्हाळ्यात पाण्यात मैल्याचे जंतू सापडले ते सापडलेच.

"नाला नाही, मग येतात कुठून?" काका पाणी तपासणाऱ्या बाईंवरच घसरले.

"जमिनीखालून, काका. उन्हाळ्यात नदी झऱ्यांवरच वाहते ना. कुणाच्या तरी संडासाची टाकी जमिनीत झिरपत असणार."

"मग घरोघरी जाऊन टाक्या तपासा! एकेकाला चांगला धडा शिकवा!"

"तुमच्यापासूनच सुरुवात करू?"

काकांनी ऐटीत फाटक उघडलं.



"या की! तीस वर्षं झाली, आमची टाकी एकदाही भरलेली नाही."