दुरुस्तीला नेलेली मशीन

परदेशातली देणगी थांबली आणि संस्थेने रुग्णांना दिलेल्या ऑक्सिजनच्या मशिनी परत मागवल्या. संस्थेत काम करणारी शलाका खारी गावात दत्तारामकाकांकडे गेली. भांड्यांच्या कारखान्यातल्या धुळीने काकांची फुफ्फुसं कामातून गेली होती. वर्षापूर्वी तिनेच ही मशीन आणली होती. खरं सांगायचं ठरवूनच ती आली होती. पण “मशीन न्यायला आलेय” म्हणताच काकूंनी विचारलं, “दुरुस्तीला ना गो? फार घरघरते मेली.” “हो, काकू,” शलाकाच्या तोंडून निघून गेलं. काकांनी स्वतःच नाकातली नळी काढली. “संध्याकाळपर्यंत काढेन कसंतरी,” धापा टाकत म्हणाले. ‘मशीनची गरज उरलेली नाही’ असं छापलेल्या कागदावर काकूंनी न वाचताच सही केली आणि मशीन उचलायला हातही लावला. रिक्षात डोकावून त्या म्हणाल्या, “पोरी, तू आहेस म्हणून माणूस जिवंत आहे माझा.” शलाकाने रिक्षावाल्याला पुढच्या रुग्णाचा पत्ता सांगितला.