फुकटचं पार्सल

माळ्यावर सापडलेला जुना पितळी पानडबा अभिनवने ऑनलाइन विकला. झाकणावर कुण्या द्वारकाबाईचं नाव कोरलेलं, म्हणून नागपूरच्या गिऱ्हाइकाने भावही चांगला दिला. पण एवढं जड पितळ स्पीड पोस्टानं पाठवणं त्याच्या जिवावर आलं. साधं पार्सलसुद्धा महागच वाटलं. मग त्याने रायपूरच्या मराठी घरांतला नेहमीचा मार्ग धरला: नागपूरला कोण चाललंय?

शेजारच्या इंदूमावशी निघाल्याच होत्या. "मावशी, एवढं एक पुडकं न्याल का?"

"हव, दे नं!"

गाडीनं डोंगरगड स्टेशन सोडलं आणि मावशींचा फोन आला. "अभिनव, पुडकं सुटलं रे बॅगेत."

"फुटलं तर नाही नं काही?"

 

"काही नाही फुटलं! द्वारकाबाई म्हणजे माह्या सासूबाई. तुझ्या आईनं हळदीकुंकवाले नेलेला डबा तू आठवणीनं परत केला, मोठा गुणाचा पोट्टा आहेस रे!"